‘पिकू दे की अजून’ : मोतीबिंदूचं ऑपरेशन, जखमेची लांबी आणि घडी होणारी लेन्स

हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना होणारे ‘अं…’, ‘म्हणजे कसं…’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय. बरेच जण कळवतात की लोकलच्या गर्दीत इयरफोन काढता येत नाहीत, वाचायला बरं पडतं. तर हे तुमच्यासाठी.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक झालोय, दिवसभर कोड लिहितो. त्यामुळे आजचा एपिसोड वैद्यकीय सल्ला म्हणून ऐकू नका, इतिहास म्हणून ऐका. पण हा इतिहास मला आमच्या घरातल्या एका वादासाठी शोधावा लागला, म्हणून तो जरा जवळचा आहे.

वाद आजीचा. गेल्या दिवाळीत गावी गेलो, तर दारात उभं राहून मी काही बोलेपर्यंत तिनं मला ओळखलंच नाही. आवाज ऐकल्यावर म्हणाली, “आलास व्हय?” मग दोन दिवस नीट बघितलं. तांदूळ निवडताना ती बोटांनी चाचपत होती. पूर्वी हीच बाई परातीतला खडा लांबून हेरायची. मी म्हटलं, “आजी, डोळे दाखवू या का?” तर म्हणाली, “दाखवलेत की. मोतीबिंदू हाय. पन पिकला न्हाई अजून. पिकू दे की अजून, काय घाई हाय?”

शेवटी आम्ही तिला शहरात घेऊन गेलो. तपासणी झाली आणि आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. समोर लॅमिनेट केलेलं कार्ड, त्यावर तीन रकाने. साधी लेन्स, फोल्डेबल लेन्स आणि परदेशी फोल्डेबल लेन्स. शेवटचा रकाना सोनेरी रंगात. समोरच्या ताई म्हणाल्या, “फोल्डेबल टाकली की रिझल्ट बेस्ट येतो सर.” मी विचारलं, “बेस्ट म्हणजे किती? कशाच्या तुलनेत?” त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं.

म्हणजे प्रश्न दोन. आजीचं ‘पिकू दे’ हा निव्वळ अडाणीपणा आहे का? आणि घडी होणारी लेन्स घातल्यानं खरंच जास्त चांगलं दिसतं का? दोन्हींची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. डोळ्याला केलेली चीर किती मोठी होती आणि ती लहान कशी होत गेली, ही ती गोष्ट.

सुई, शलाका आणि बाख

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते बघू. बुबुळाच्या मागे आपल्या डोळ्यात एक पारदर्शक भिंग असतं. एका पातळ पिशवीत बसवलेलं, साधारण मोठ्या मसूर डाळीच्या आकाराचं. वय वाढलं की हे भिंग गढूळ होतं. डोळ्यावर बाहेरून काही ‘पडदा’ येत नाही, आतली काचच धूसर होते. म्हणून कुठलेही थेंब घालून तो ‘कापला’ जात नाही. भिंग वाटेतून दूर करावंच लागतं.

ते दूर करण्याचा सगळ्यात जुना लेखी उपाय आपल्याकडचा, सुश्रुतसंहितेतला. जवाच्या दाण्यासारखं टोक असलेली शलाका डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत घालायची आणि गढूळ भिंग बाजूला सारायचं. भिंग बाहेर येत नाही, डोळ्यातच मागे ढकललं जातं. वाट मोकळी होते आणि माणसाला लगेच उजेड, माणसांचे आकार दिसू लागतात. त्या काळी हा चमत्कारच वाटला असणार. ही पद्धत आशिया, युरोप आणि आफ्रिकेत शेकडो वर्षं चालली. आपल्याकडेही गावोगाव फिरणारे लोक ती करायचे.

पण पहिल्या दिवशी दिसलं म्हणजे रिझल्ट आला असं नसतं. डोळ्यात सुटं पडलेलं भिंग आतून सूज आणतं, दाब वाढवतं, जंतुसंसर्ग झाला तर डोळाच जातो. तोवर फिरता वैद्य पुढच्या गावाला पोचलेला असायचा. युरोपातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे संगीतकार योहान सेबॅस्टियन बाख. १७५० साली जॉन टेलर नावाच्या फिरत्या इंग्रज डॉक्टरनं त्याच्यावर दोनदा ऑपरेशन केलं. बाख पूर्ण आंधळा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वारला. याच टेलरनं पुढे हँडेलच्या डोळ्यांवरही ऑपरेशन केलं, आणि हँडेललाही दृष्टी परत मिळाली नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. रिझल्ट कधी मोजायचा? पट्टी काढल्याक्षणी, सहा आठवड्यांनी, की वर्षानं?

‘पिकू दे’ कुठून आलं

बाखचं ऑपरेशन व्हायच्या तीनच वर्षं आधी, १७४७ साली, पॅरिसमध्ये झाक दाव्हिएल नावाच्या सर्जननं वेगळी वाट धरली. भिंग मागे न ढकलता त्यानं बुबुळावरच्या पारदर्शक काचेला, म्हणजे कॉर्नियाला, खालच्या बाजूनं मोठी चीर दिली आणि भिंग बाहेर काढलं. पुढच्या काही वर्षांत त्यानं अशी शंभराहून जास्त ऑपरेशनं केली आणि त्यांचा हिशेब पॅरिसच्या सर्जनांच्या अकादमीपुढे मांडला.

आता जरा कल्पना करा. भूल नाही. कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करता येतो हे कार्ल कोलरनं दाखवलं ते १८८४ साली, म्हणजे जवळजवळ १३७ वर्षांनी. इतक्या बारीक जखमेला घालायला टाके नाहीत. कॉर्नियाची जवळपास अर्धी कड कापलेली, आणि ती आपोआप जुळून येईपर्यंत पेशंटनं उताणं पडून राहायचं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकला आला, शिंक आली, तर डोळ्यातलं बाहेर.

‘पिकू दे’ इथून येतं. भिंगाच्या आत मधोमध कडक गाभा असतो आणि त्याभोवती मऊ, चिकट थर. कच्च्या मोतीबिंदूत हा थर पिशवीला घट्ट चिकटलेला असतो. त्या काळच्या हत्यारांनी गाभा निघायचा, पण चिकट भाग आत राहायचा, मग सूज, मग पुन्हा आंधळेपणा. मोतीबिंदू पूर्ण पिकला की हा थर सुटा होतो, सगळं एकदम बाहेर येतं. म्हणजे ‘पिकू द्या, मग काढू’ हा त्या काळच्या चांगल्या सर्जनचा विचारपूर्वक सल्ला होता. अडाणीपणाचा त्यात काही भाग नव्हता.

पुढे विसाव्या शतकात पिशवीसकट अख्खं भिंगच बाहेर काढायची पद्धत रुळली. पंजाबात जालंधरला हेन्री स्मिथ नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं ती हजारो लोकांवर केली आणि जगभरचे सर्जन शिकायला त्याच्याकडे येऊ लागले. या पद्धतीत मोतीबिंदू पिकण्याची गरज उरली नाही. मग सल्ला का टिकला? कारण ऑपरेशननंतर मिळणारा चष्मा.

पणजोबांचा चष्मा

आमच्या पणजोबांचं ऑपरेशन शाळेत भरलेल्या शिबिरात झालं होतं. आजी सांगते, वर्गातले बाक काढून खाली ओळीनं गाद्या टाकल्या होत्या. तेव्हा देशभर अशी शिबिरं भरायची. कर्नाटकातले डॉ. मुरुगप्पा मोदी यांच्या शिबिरांत तर एका दिवसात शेकड्यांनी ऑपरेशनं व्हायची. ज्या देशात डोळ्यांचे डॉक्टर मोजके आणि आंधळे लाखो, तिथे दुसरा मार्गही नव्हता.

पण त्या ऑपरेशननंतर डोळ्यात भिंगच उरत नसे. चीर १० ते १२ मिलिमीटरची, वर टाके, आणि भिंगाच्या जागी काहीच नाही. त्याची भरपाई बाहेरून करायची, सुमारे प्लस १० नंबरच्या जाड भिंगाच्या चष्म्यानं. सोडा-बाटलीच्या बुडासारखा तो चष्मा तुमच्यापैकी काहींनी जुन्या फोटोंत पाहिला असेल.

त्या चष्म्यातून दिसतं कसं? प्रत्येक वस्तू पाव पटीनं किंवा त्याहून जरा जास्तच मोठी. कप जवळ आहे असं वाटतं, हात पुढे करावा तर कप तिथे नसतोच. भिंगाच्या कडेला एक गोल पट्टा असा की त्यात काहीच दिसत नाही, मग बाजूनं येणारा माणूस एकदम समोर उगवतो. आणि एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर पंचाईत. एका डोळ्याला मोठं चित्र, दुसऱ्याला नेहमीचं, मेंदूला दोन्ही जुळवताच येत नाहीत. म्हणून दुसऱ्या डोळ्यानं थोडंफार दिसतंय तोवर डॉक्टर थांबायला सांगायचे. ते बरोबरच होतं!

आणि चष्मा फुटला तर? पणजोबांचा बैलगाडीतून पडून फुटला. नवा यायला दोन महिने लागले. आजी म्हणते, “त्या दोन महिन्यांत त्यांस्नी हाताला धरून परसाकडं न्यावं लागायचं.” ऑपरेशन ‘यशस्वी’, माणूस पुन्हा आंधळा. असे लोक देशात फार मोठ्या संख्येनं होते. कागदावर ऑपरेशनांचा आकडा वाढत होता, पण ‘किती जणांना दिसतंय’ हा आकडा वेगळा होता.

आजीनं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून हेच पाहिलं होतं. त्यावरून तिनं काढलेला निष्कर्ष शंभर टक्के बरोबर होता, फक्त ऑपरेशन बदललं होतं. आमच्या कामात याला जुनं डॉक्युमेंटेशन म्हणतात. सॉफ्टवेअरच्या चार आवृत्त्या पुढे गेल्या, सूचना मात्र पहिल्याच आवृत्तीच्या.

विमानाची काच

ही आवृत्ती बदलली कशी? लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांचे डोळे तपासले. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर नावाच्या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचं वरचं छत फुटलं आणि त्याचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. ते छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं होतं. साधारणपणे डोळ्यात परकी वस्तू गेली की डोळा लालबुंद होतो, सुजतो. हे तुकडे मात्र वर्षानुवर्षं शांत पडून राहिले.

नंतर एकदा ऑपरेशन बघणाऱ्या एका विद्यार्थ्यानं रिडलींना विचारलं, भिंग काढलंत, मग त्या जागी दुसरं का बसवत नाही? रिडलींच्या डोक्यात हा विषय आधीपासून होताच. ब्राइटनच्या रेनर कंपनीनं त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स बनवून दिली आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये रिडलींनी ती पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. गाजावाजा न करता, जवळजवळ गुपचूप.

रिझल्ट? लेन्स डोळ्यानं स्वीकारली, पण पेशंटला मायनसमध्ये भलामोठा नंबर आला. कारण इंजिनिअरला लगेच कळेल असं आहे. लेन्सचा आकार नैसर्गिक भिंगावरून घेतला होता, पण हे प्लास्टिक प्रकाशाला भिंगापेक्षा जास्त वाकवतं. आकार तोच, पदार्थ वेगळा, म्हणून ताकद भलतीच वाढली. शिवाय या पहिल्या लेन्स जड होत्या, काही जागेवरून घसरायच्या. १९५१ मध्ये रिडलींनी हे जाहीर केल्यावर मोठमोठे डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. डोळ्यातून परकी वस्तू काढणं हे आपलं काम, घालणं नव्हे, असा त्यांचा सूर. मान मिळायला रिडलींना जवळजवळ आयुष्य काढावं लागलं. सर ही पदवी मिळाली २००० साली, आणि २००१ मध्ये ते गेले. दरम्यान उतारवयात त्यांच्याही डोळ्यांत लेन्स बसली होती.

नंबर चुकण्याचा प्रश्न सुटला तो मोजमापामुळे. ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजता येऊ लागली आणि १९८० च्या सुमारास एक साधं समीकरण आलं: लेन्सची ताकद = ए − २.५ × लांबी − ०.९ × कॉर्नियाची वक्रता. ‘ए’ हा त्या त्या लेन्सचा ठरलेला आकडा. आता यावरून बघा, डोळ्याची लांबी मोजताना नुसती १ मिलिमीटरची चूक झाली तर लेन्सच्या ताकदीत अडीच नंबरची गडबड. आजची सूत्रं याहून पुष्कळ सुधारलेली आहेत, पण तत्त्व तेच. लेन्स कितीही महाग असू दे, माप चुकलं तर चष्मा जाडच लागणार. त्या सोनेरी रकान्यात हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

दाराएवढी चीर, कपाटाएवढी लेन्स

आता चीर लहान होण्याची गोष्ट. ती लहान का हवी? कॉर्निया ताणून बसवलेल्या पातळ घुमटासारखा असतो. त्याच्या कडेला मोठी चीर दिली आणि टाके घातले की घुमट एका बाजूनं ओढला जातो. मग उभ्या रेषा स्पष्ट, आडव्या पुसट, असं काहीतरी होतं. डॉक्टर याला सिलिंडरचा नंबर म्हणतात. चीर जितकी लहान, तितका घुमट कमी बिघडतो.

न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स केलमन एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसले होते. दातांवरचं किटण काढायचं कंपनाचं यंत्र चालू होतं. दात हलत नाही, किटण मात्र निघून जातं. त्यांना वाटलं, असंच भिंग आतल्या आत फोडून ओढून काढता येईल का? १९६७ मध्ये त्यांनी पहिला प्रयोग केला, तोही असा डोळा निवडून जो दुखण्यामुळे काढायचाच ठरला होता. ही फेको पद्धत. आजच्या यंत्रात बारीक पोकळ सुईचं टोक सेकंदाला साधारण ४० हजार वेळा कंप पावतं, गाभ्याचा चुरा करतं आणि तो शोषून घेतं. आपल्याकडे लोक याला सर्रास ‘लेझर ऑपरेशन’ म्हणतात. नेहमीच्या फेकोत लेझर नसतो, कंपनं असतात.

आता १० मिलिमीटरची चीर ३ वर आली. टाके नकोत, पेशंट त्याच दिवशी घरी. पण नवी लेन्स कडक प्लास्टिकची, सुमारे ६ मिलिमीटर रुंद. दार तीनचं आणि कपाट सहाचं! म्हणजे ३ मिलिमीटरमधून भिंग काढायचं आणि लेन्स घालायला तीच चीर पुन्हा दुप्पट मोठी करायची. मग इतका खटाटोप कशाला, असं बरेच सर्जन तेव्हा म्हणायचे.

उत्तर होतं, कपाटाचीच घडी करा. १९७८ मध्ये शांघायचे डॉ. झोउ काइयी यांनी मऊ सिलिकॉनची लेन्स बसवली. अमेरिकेत १९८० च्या दशकात थॉमस माझोको यांनी घडी करून घालायची सिलिकॉन लेन्स आणली. तिथले लोक तिला माझोको टाको म्हणायचे. आपण घडीची पोळी म्हणू. पुढे ॲक्रिलिकच्या लेन्स आल्या. त्या नळीतून आत सोडतात आणि पिशवीत गेल्यावर त्या सावकाश उलगडतात. आज फेकोची चीर साधारण २.२ ते २.८ मिलिमीटर असते.

म्हणजे घडी होणारी लेन्स मुळात जन्मली ती फेकोची लहान चीर लहानच राहावी म्हणून. घडी झाल्यानं तिच्यातून जास्त स्पष्ट दिसतं असं नाही. हे कळलं तेव्हा मला ते लॅमिनेट केलेलं कार्ड पहिल्यांदा नीट वाचता आलं.

मदुराई, काठमांडू, पुणे

फेकोचं यंत्र महाग, लेन्स महाग, शिकायला वेळ. मग आपल्यासारख्या देशानं काय करायचं?

मदुराईत डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ मध्ये, ११ खाटांचं अरविंद हॉस्पिटल सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्यांनी हजारो ऑपरेशनं केली. परदेशी लेन्स तेव्हा शंभर डॉलरच्या घरात. १९९२ मध्ये अरविंदनं ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि लेन्स दहा डॉलरच्या आसपास, नंतर त्याहूनही स्वस्तात देऊ केली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्म्याकडून डोळ्यातल्या लेन्सकडे आपण या काळात वळलो.

दुसरीकडे चीर लहान करायची यंत्राशिवायची युक्ती पुढे आली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तिरका बोगदा करायचा, बाहेरून ६-७ मिलिमीटर, आतून रुंद. गाभा अख्खाच त्यातून बाहेर काढायचा. बोगदा तिरका असल्यानं डोळ्यातला दाबच त्याचं आतलं झाकण बंद करतो. टाका लागत नाही. हिचं नाव एसआयसीएस, म्हणजे हातानं केलेली लहान चिरेची शस्त्रक्रिया. काठमांडूच्या तिलगंगा केंद्रात डॉ. संदुक रुइत यांनी ती इतकी घोटून तयार केली की डोंगरातल्या शिबिरांतही ती करता येऊ लागली.

आता प्रश्न, कोणती बरी? याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे आणि मला हे आधी माहीतच नव्हतं! पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी दोन मोठ्या तुलना केल्या. कुठल्या पेशंटला कोणतं ऑपरेशन, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे आवडीनिवडीचा प्रश्न नको.

आकडे सांगतो. आधी माप समजून घ्या. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसतं, ते या माणसाला ६ मीटरवरून दिसतं. रोजच्या कामाला इतकं पुरतं, म्हणून ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसलं तर जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘चांगला’ रिझल्ट म्हणते.

पहिली तुलना २००३ ची. मोठी चीर आणि टाके विरुद्ध एसआयसीएस. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ पर्यंत पोचले टाकेवाल्यांपैकी ३७.३ टक्के, एसआयसीएसवाल्यांपैकी ४७.९ टक्के. चीर लहान केल्याचा हा सरळ फायदा.

दुसरी २००५ ची. ४०० डोळे, फेको विरुद्ध एसआयसीएस. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय फेकोत ८१ टक्के, एसआयसीएसमध्ये ७१ टक्के. आणि योग्य चष्मा लावल्यावर? दोन्हींकडे ९८.४ टक्के. दशांशापर्यंत सारखं!

दोन वर्षांनी नेपाळमधली तुलना आली, १०८ पेशंटची. सहा महिन्यांनी चष्म्याशिवाय एसआयसीएस ८९ टक्के, फेको ८५ टक्के, आणि चष्म्यासह दोन्ही ९८. हात कसलेला असेल तर बिनयंत्राची पद्धत कुठेच मागे नाही.

मग पैसे कशाचे द्यायचे?

फेको आणि फोल्डेबल लेन्स फसवणूक आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. जखम लहान, त्यामुळे सहसा लवकर बरं वाटतं, सिलिंडरचा नंबर कमी येतो. ज्याला आठवड्यात कामावर जायचंय त्याला हा फरक मोठा आहे. पण ‘साधी लेन्स म्हणजे कमी दिसणार’ हे खरं नाही, आणि ज्याची ऐपत नाही त्यानं या भीतीनं ऑपरेशन लांबवणं हे सगळ्यात वाईट.

रिझल्ट ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी कार्डावर नसतातच. डोळ्याचं माप नीट घेतलं का. मागचा पडदा तपासला का, कारण मधुमेहानं तो खराब असेल तर कुठलीच लेन्स पुरी पडत नाही. जंतुसंसर्ग टाळायला काय करतात. अरविंदमध्ये सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांचा हिशेब मांडला, तेव्हा शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लोक्सॅसिन हे अँटिबायोटिक सोडल्यानं गंभीर संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ वर आल्याचं दिसलं. यात लेन्सच्या ब्रँडचा काही संबंध नाही. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागची पिशवी पुन्हा धूसर होऊ शकते. ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात तो हाच प्रकार. ती लेझरनं काही मिनिटांत मोकळी करतात. हो, लेझर खरा इथे येतो. लेन्सची कड चौकोनी, धारदार असेल तर हा त्रास कमी होतो. म्हणजे ‘देशी की परदेशी’पेक्षा ‘कड कशी आहे’ हा जास्त कामाचा प्रश्न.

आता ‘पिकू दे’. फेकोला पिकलेला मोतीबिंदू अजिबात आवडत नाही. गाभा जितका कडक, तितकी कंपनांची ताकद जास्त लागते आणि कॉर्नियाला तितकी इजा. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी जो सल्ला डोळा वाचवत होता, तोच आज डोळा अडचणीत आणतो. आणि हा किरकोळ विषय नाही. २०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या भारतीयांच्या अंधत्वाचं कारण ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदूच निघालं. म्हणजे ज्यावर पक्का इलाज आहे, त्यानंच.

आजीचे दोन डोळे

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं. बाईंनी तपासून सांगितलं, “उजवा पार पिकलाय, पांढरा झालाय. इथे मी एसआयसीएस करेन, साधी लेन्स घालेन. डावा अजून मऊ आहे, तिथे फेको आणि फोल्डेबल.” म्हणजे एका आजीत दोन पद्धती. वाट बघण्याची किंमत उजव्या डोळ्यानं जरा मोठ्या जखमेच्या रूपात दिली.

उजवा डोळा पहिले काही दिवस जास्त खुपला, लाल राहिला. डावा दुसऱ्याच दिवशी निवांत. दोन महिन्यांनी मी फोनवर विचारलं, “आजी, कुठल्या डोळ्यानं जास्त चांगलं दिसतंय?” ती म्हणाली, “एक एक झाकून कोन बघतंय रं? दोन्ही उघडे ठेवले की तांदळातला खडा दिसतोय, झालं.” एका आजीवरून निष्कर्ष काढायचा नसतो हे मला माहीत आहे, म्हणून तर वरचे आकडे दिले.

तर मंडळी, तुमच्या घरी कुणी ‘अजून पिकला नाही’ म्हणत असेल तर हसू नका आणि भांडूही नका. त्यांनी जाड चष्मा पाहिलेला असतो, वाळूच्या पिशव्यांच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्यांना सांगा की चीर आता तीन मिलिमीटरच्या आत आलीय. आणि त्या छोट्या खोलीत बसाल तेव्हा लेन्सच्या किमतीआधी तीन गोष्टी विचारा. माप कसं घेणार? माझ्या डोळ्याला कोणती पद्धत आणि का? सहा आठवड्यांनी परत कधी बघणार?

आमची आजी आता शेजारच्या काकूंच्या मागे लागलीय, “पिकायची वाट बघू नगंस.” पुढच्या शनिवारी त्यांना तपासायला नेणार आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.